पुण्याला प्लेगचा एक दगड हवा

व्हिएन्नाच्या मध्यभागी ग्राबेन नावाचा रस्ता आहे. भारतातून कुणी आलं की फिरायला आधी तिथेच नेलं जातं. दोन्ही बाजूंना भारी दुकानं, मधोमध खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेली माणसं, आणि या सगळ्यांच्या मध्ये प्लेगचा संगमरवरी स्तंभ. लांबून तो स्तंभ वाटतच नाही. जमिनीतून ढगांचा लोट उसळून वर चाललाय आणि जागा मिळेल तिथे देवदूत बसलेत, असं काहीतरी दिसतं. टोकाला सोन्याच्या मुलाम्यात पवित्र त्रैक्य, म्हणजे ख्रिस्ती धर्मातली देवाची तीन रूपं, झळकतं. लोक समोर उभे राहून फोटो काढतात, गाईड सांगतात, "१६७९ च्या प्लेगमध्ये मेलेल्यांचं हे स्मारक," आणि घोळका पुढे कॅथीड्रलकडे सरकतो.

मी या शहरात बरीच वर्षं राहते आणि हा स्तंभ मला मनापासून आवडतो. पण गाईडचं ते वाक्य पूर्ण खरं नाही. ते का खरं नाही, हे जसजसं कळत गेलं तसतसं मला माझ्या पुण्याबद्दल काही बोलावंसं वाटू लागलं. पोस्ट मोठी आहे. पुणेकरांनी तरी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

१६७९ मध्ये प्लेग आधी तटाबाहेरच्या लिओपोल्डश्टाट वस्तीत दिसला. नऊच वर्षांपूर्वी सम्राट लिओपोल्ड पहिला याने तिथल्या ज्यूंना हाकलून लावलं होतं आणि त्या वस्तीला सम्राटाचं नाव दिलं गेलं होतं. उन्हाळ्यापर्यंत साथ तटाच्या आत शिरली. किती माणसं गेली याबद्दल इतिहासकारांचे आकडे जुळत नाहीत, पण सगळ्यात कमी आकडा धरला तरी तो हजारोंत आहे. प्रेतं गाड्यांवर लादून शहराबाहेर खणलेल्या खड्ड्यांत टाकत होते. दारू पिऊन रस्त्यात पडलेल्या ऑगस्टिन नावाच्या गवयाला मेलेला समजून अशाच एका खड्ड्यात टाकलं आणि तो शुद्धीवर येऊन बाहेर निघाला, ही गोष्ट इथे लहान मुलांनाही ठाऊक असते. गोष्ट दंतकथा असेल, खड्डे खरे होते.

सम्राटाने शहर सोडलं. आधी मारियात्सेल हे तीर्थक्षेत्र, तिथून प्राग. साथ हटली तर देवाच्या कृपेचा स्तंभ उभारीन, असा नवस तो बोलला. शहरात मागे राहून इस्पितळं, प्रेतांची विल्हेवाट, पहारे यांची व्यवस्था बघितली ती फर्डिनांड श्वार्त्सेनबर्ग या तरुण सरदाराने. वय जेमतेम सत्तावीस. स्वतःचे पैसे घातले. लोक त्याला 'प्लेगचा राजा' म्हणत.

आणि स्तंभावर कोण आहे? सम्राट. गुडघे टेकून, हात जोडून, पुढे आलेल्या खालच्या ओठासकट. श्वार्त्सेनबर्ग नाही.

स्तंभ बांधायला फार वेळ लागला. त्याच वर्षी घाईने एक लाकडी स्तंभ उभा केला गेला. मग संगमरवराचं काम माथियास राउखमिलर या शिल्पकाराकडे गेलं. मधेच १६८३ चा तुर्कांचा वेढा पडला. १६८६ मध्ये राउखमिलर वारला, तेव्हा आराखडे आणि थोडे देवदूत एवढंच तयार होतं. पुढे फिशर फॉन एर्लाख, पाउल श्ट्रुडेल, आणि दरबारातल्या नाटकांचे देखावे उभारणारा लोडोविको बुर्नाचिनी असे अनेक हात त्याला लागले. ढगांची कल्पना बुर्नाचिनीची. रंगमंचावर ढग खाली उतरवणाऱ्या माणसाने दगडाचे ढग वर चढवले, आणि ते इतके हलके वाटतात की अजूनही प्रत्येक वेळी मान वर जाते. १६९३-९४ च्या सुमाराला काम संपलं. तोपर्यंत प्लेगमध्ये आईबाप गेलेली मुलं मोठी झाली होती.

सम्राटाच्या खालच्या बाजूला जे शिल्प आहे, तिथे मी नेहमी थांबते. श्रद्धेची मूर्ती हातात क्रूस घेऊन उभी आहे. तिच्याजवळचा छोटा देवदूत जळती मशाल एका म्हातारीच्या अंगात खुपसतोय. म्हातारी म्हणजे प्लेग. सुरकुतलेली, हाडं वर आलेली, तोंड वासून खाली कोसळणारी. सगळ्या स्तंभावर खऱ्या वेदनेत असलेलं शरीर हे एकच आहे. खड्ड्यांत गेलेल्या हजारो माणसांत अशा म्हाताऱ्या किती असतील? त्यांच्यातली एकही स्तंभावर माणूस म्हणून नाही. रोगाला मात्र तिचं रूप मिळालं.

आपल्याकडेही मरीआईला बाईचंच रूप आहे. पण आपण तिला नैवेद्य दाखवतो, तिची समजूत काढतो, तिचा गाडा शिवेपर्यंत पोचवतो. तिच्या अंगात मशाल खुपसत नाही. हे लिहिताना मला आपल्या गावांबद्दल माया वाटते. पण मेलेल्यांची नावं तिच्या देवळातही कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

तर ग्राबेनचा हा स्तंभ नवसफेडीचा आहे. देवाचे आभार, राजाची भक्ती, साम्राज्याचं वैभव, सगळं त्याच्यावर आहे. मेलेले नाहीत. इथेच १७१३ मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा लिओपोल्डच्या मुलाने, सहाव्या कार्लने, पुन्हा नवस बोलून कार्ल्सकिर्ख हे भव्य चर्च बांधलं. तेही अप्रतिम आहे, आणि त्यातही मेलेले नाहीत.

तरीसुद्धा दगड उभा असला की त्याचा एक उपयोग होतो, जो बांधणाऱ्याच्या मनातही नसतो. मार्च २०२० मध्ये इथे टाळेबंदी लागली. चर्चमधल्या प्रार्थना बंद झाल्या, कुणाच्या अंत्ययात्रेला जाता येईना. तेव्हा लोक एकेकटे येऊन या स्तंभाच्या कठड्याशी मेणबत्त्या ठेवू लागले. चिठ्ठ्या, फुलं, लहान मुलांनी काढलेली चित्रं. एरवी दुकानांसाठी येणारं शहर तेव्हा या दगडासाठी येत होतं. मीही गेले होते. पुण्यात माझी एक जवळची मावशी आजारी होती आणि मला जायला विमान नव्हतं. ती वाचली. पण त्या संध्याकाळी तिच्या नावाने मेणबत्ती लावायला शहरात एक जागा होती, याचा मला केवढा आधार वाटला ते सांगता येणार नाही.

पुण्यातल्या माणसांना अशी कुठली जागा होती?

इथे व्हिएन्ना आणि मुंबई यांना जोडणारी एक हकिगत सांगायला हवी. आपल्याकडे ती फार थोड्यांना माहीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ते मूळचे गोव्याचे. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कुणालाच कळलेलं नव्हतं. १८९७ च्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने एक तुकडी मुंबईला पाठवली: हेर्मान फ्रान्झ म्युलर, आंटोन गोन, हाइनरिख आल्ब्रेख्त, रुडोल्फ प्योख. त्यांनी आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, रोगी तपासले, शवविच्छेदनं केली आणि अभ्यासासाठी जंतू घेऊन ते व्हिएन्नाला परतले.

ऑक्टोबर १८९८ मध्ये इथल्या प्रयोगशाळेतला नोकर फ्रान्झ बारिश याला त्याच जंतूंची लागण झाली. तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. म्युलर यांना लागण झाली. तेही गेले. बारिशची शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बीने पेखा, तीही गेली. सगळं एका महिन्याच्या आत. प्योखने रोग्यांची सेवा करायला स्वतःहून पुढे येऊन त्यांच्याबरोबर कोंडून घेतलं, तो वाचला.

म्हणजे मुंबईच्या कुणा रोग्याच्या गाठीतून निघालेला जंतू समुद्र ओलांडून आला आणि त्याने इथे तीन माणसं नेली. म्युलर यांचं स्मारक जुन्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात आहे. आज तिथे विद्यापीठ भरतं. त्यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. बारिशच्या बाबतीत मात्र तेव्हा चर्चा झाली ती त्याच्या निष्काळजीपणाची. तो पिंजरे साफ करणारा नोकर होता, आधी मेला होता, त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. आणि ज्यांच्या शरीरातून हे सगळं ज्ञान मिळालं, ते आर्थर रोडचे रोगी? गिरणीतले, गोदीतले, कोकणातून आणि देशावरून आलेले ते लोक? त्यांचं कुठेच काही नाही.

आता पुण्याकडे येते.

पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्याला शाळेपासून एक गोष्ट येते. रँड, गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्या, देवघरापर्यंत गेलेले बूट, बायकांची विटंबना, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. मग लोकमान्यांना राजद्रोहाची शिक्षा, मग येरवड्याला फाशी. ही गोष्ट खरी आहे आणि मला ती प्राणाहून प्रिय आहे. चिंचवडला चापेकरांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं.

पण या गोष्टीत प्लेग रँडबरोबर संपतो. प्रत्यक्षात तो संपला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तो पुण्यात पुन्हा उसळला, आणि पुढे कित्येक वर्षं हिवाळा आला की उंदीर पडायला लागायचे, गाठी यायला लागायच्या, लोक घरांना कुलपं लावून मळ्यांत झोपड्या घालून राहायचे. १९०३ मध्ये लोकमान्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. देशभरात दोन-अडीच दशकांत एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि सगळ्यात मोठा घाला आपल्या मुंबई इलाख्यावर आणि पंजाबवर पडला. माणसाला पिसवेमार्फत लागण होते हे पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये दाखवलं, तेही लोकांना पटायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे १८९७ मध्ये ज्यांच्या गाद्या-गोधड्या जाळल्या, ज्यांच्या घराच्या भिंती औषधाने धुतल्या, ज्यांना घरातून उचलून छावणीत नेलं, त्यांच्यावर हे सगळं लादणाऱ्यांनाही रोग कसा पसरतो हे नीट माहीत नव्हतं.

एक मृत्यू आपण लक्षात ठेवलाय. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणलं. त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सहासष्ट वर्षांची बाई. हे वाचलं की माझा गळा दाटतो. व्हिएन्नाच्या स्तंभावर म्हातारी बाई प्लेग होऊन कोसळते आहे, आणि आमच्याकडे एक म्हातारी बाई प्लेगच्या रोग्याला पाठीवर घेऊन चालते आहे. प्लेगच्या स्मारकावर जगात कुठेही एकच चित्र कोरायचं असेल, तर ते हे असावं. डॉ. यशवंतही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेले.

पण सावित्रीबाईंच्या दवाखान्यात त्या आठवड्यात आणखी कोण कोण मेलं? कसबा पेठेत, गंज पेठेत, रविवारात, मोमिनपुऱ्यात, कॅम्पात? आपल्याला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यावंसं आपल्याला शंभरहून जास्त वर्षांत वाटलं नाही.

माझ्या घरातलंच सांगते. माझी पणजी प्लेगच्या साली लहान होती. घरच्यांनी पर्वतीच्या पलीकडे कुणाच्या तरी मळ्यात झोपडी घातली होती, तिथे तिची धाकटी बहीण गेली. माझ्या आजीने हे पणजीच्या तोंडून ऐकलं होतं: पोरगी रात्री तापली, काखेत गाठ आली, तिसऱ्या दिवशी गेली, आणि बापाने कुणाला हाक न मारता, एकट्याने उचलून नेली. बोभाटा झाला असता तर सगळ्यांना छावणीत नेलं असतं. आजीला एवढं सगळं आठवत होतं, त्या मुलीचं नाव मात्र आठवत नव्हतं. आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांच्या बाजूचे सात पिढ्यांचे पुरुष आहेत. ही मुलगी कुठेच नाही.

मुंबईत निदान काही दगड तरी आहेत. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत, गल्लीच्या वळणांवर प्लेगच्या वर्षांत उभारलेले क्रूस आहेत. साथ वस्तीत शिरू नये म्हणून, शिरली असेल तर जावी म्हणून लोकांनी वर्गणी काढून ते बांधले. तिथे राजा नाही, दरबारी शिल्पकार नाही. आजही मे महिन्यात कित्येक क्रूसांपाशी माळा घालून शेजारीपाजारी प्रार्थनेला जमतात. यांतल्या काहींना रस्त्यातलं अतिक्रमण ठरवून हात लावला गेला, तेव्हा रहिवाशांनी जुनी कागदपत्रं काढून भांडण केलं. मला त्या लोकांचा फार अभिमान वाटतो. डॉ. व्हिएगस यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे, प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्या नावाची संस्था परळला आहे. रोगाशी लढलेले डॉक्टर मुंबईने लक्षात ठेवले. रोगाने नेलेल्यांसाठी मात्र तिथेही गल्लीतल्या त्या क्रूसांखेरीज काही नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुण्यात प्लेगमध्ये गेलेल्या सामान्य माणसांसाठी एक दगड असावा. पुतळा नको, कारंजं नको, रोषणाई नको. आपल्याच सह्याद्रीचा काळा पाषाण, माणसाच्या उंचीचा, आणि त्यावर नावं. सापडतील तितकी नावं, वर्ष आणि पेठ. जात नको, पदवी नको. ब्राह्मण विधवेच्या शेजारी मेलेले उंदीर उचलणारा सफाई कामगार, त्याच्या शेजारी बोहरी दुकानदार, त्याच्या शेजारी इस्पितळातली दाई. रोगाने त्यांना वेगळं केलं नव्हतं. आणि बराचसा दगड कोराच ठेवावा, नाव सापडलं की कोरण्यासाठी.

जागा? मला वाटतं ओंकारेश्वराजवळ, नदीकाठी. पुण्याने कित्येक पिढ्या आपली माणसं तिथे पोचवली आहेत. दफन झालेल्यांची आठवण फक्त ओंकारेश्वराशी कशी ठेवायची, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो कब्रस्तानांच्या आणि चर्चच्या विश्वस्तांना बोलावून त्यांच्याबरोबर बसूनच सोडवायला हवा. कदाचित एकाऐवजी तीन दगड होतील. होऊ देत.

हे बोलले की मित्रमंडळी म्हणतात, चौकाचौकांत स्मारकं कमी आहेत का? आहेत, पुष्कळ आहेत, पण ती सगळी मोठ्या माणसांची आहेत. कुणी म्हणतं, एवढ्या जुन्या दुःखाचं आता काय? मग मी २०२१ चा एप्रिल आठवते. स्मशानांत रांगा होत्या, अस्थी घ्यायला दोन माणसांपेक्षा जास्त कुणाला सोडत नव्हते. माझ्या एका वर्गमैत्रिणीने वडिलांचं शेवटचं दर्शन मोबाईलवर घेतलं. तिला विचारा, हे दुःख जुनं आहे का. त्याच वसंतात लंडनमध्ये संसदेसमोरच्या नदीकाठच्या भिंतीवर लोकांनी हाताने लाल बदाम रंगवले, कोविडमध्ये गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक, आणि नातेवाईक येऊन त्यांत नावं लिहू लागले. कुठल्या राजाची वाट बघितली नाही. आपल्याकडे ते झालं नाही. प्लेगच्या मेलेल्यांना आपण जागा दिली असती, तर कोविडच्या मेलेल्यांना कुठे आठवायचं हे आपल्याला कदाचित आपोआप सुचलं असतं.

काहींना वाटेल की अशा दगडाने चापेकरांची गोष्ट फिकी पडेल. मला उलट वाटतं. कशासाठी माणसं इतकी पेटून उठली, हे कळायला त्या घरांमध्ये काय चाललं होतं ते कळायला हवं. एकीकडे तिरडी, दुसरीकडे दारावर बूट. ज्या बापाने रात्री एकट्याने आपली पोरगी उचलून नेली, त्याचं नाव चापेकरांच्या नावाजवळ असलं तर दोन्ही नावं जास्त उजळ होतील.

नावं कुठे मिळतील, याचा मी थोडा विचार केलाय. नगरपालिकेच्या मृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत. चर्चच्या दफनाच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत, कुणाचे दिवस कुणी येऊन केले ते त्यांत सापडतं. छापील कुलवृत्तांत आहेत, त्यांत पुरुषांपुढे 'प्लेगने मृत्यू' असं कित्येकदा असतं. बायका आणि मुलं मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच मिळतील, आणि ती माणसं आता फार राहिलेली नाहीत.

तर या आठवड्यात घरी विचारा. मुळातले पुण्याचे नसाल तरी विचारा. सातारा, कोल्हापूर, नगर, बेळगाव, मुंबई, सगळीकडे प्लेग होता. नाव, साल, गाव किंवा पेठ, आणि सांगणाऱ्याचं त्यांच्याशी नातं, एवढं मला मेसेजमध्ये लिहून पाठवा. पूर्ण नाव नसेल तर घरात ज्या नावाने हाक मारत ते चालेल. तेही नसेल तर 'अमक्याची धाकटी बहीण' एवढं लिहा. मी यादी करायला घेतली आहे. सुट्टीत पुण्याला येईन तेव्हा ती छापून महापालिकेकडे आणि शहरातल्या इतिहास संशोधकांकडे रीतसर अर्जासोबत देणार आहे. अर्जावर सह्या करायला आणि माझ्याबरोबर यायला कोण कोण तयार आहे, तेही सांगा.